वसमतच्या मुलीचं विंडोज: एका लायसन्सचं प्रकरण

आमच्याकडे विंडोज विकत घेत नाहीत, मारतात, म्हणजे लायसन्स न घेता टाकतात. ‘कालच विंडोज मारलं’, ‘एकदा फॉरमॅट मारून दे’, ‘विंडोज मारलं की ऑफिस फ्री’. नांदेडच्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात पाच मिनिटं उभं राहिलं तरी हीच भाषा कानावर पडते. मी एका तंत्रनिकेतनात लॅब असिस्टंट आहे. मारलेल्या विंडोजचं पुढे काय होतं, ते वर्षभर माझ्याच टेबलावर येऊन पडतं. हे प्रकरण त्यातलंच एक. मुलीच्या आणि तिच्या वडिलांच्या परवानगीने लिहितोय, नाव आणि दुकान तेवढं गाळलंय.

मुलगी वसमतजवळच्या खेड्यातली, सिव्हिल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, इथे रूम करून राहते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सोयाबीन विकून वडिलांनी तिला सेकंड हँड लॅपटॉप घेऊन दिला. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात माल जात होता चार हजारांच्या आसपास. लॅपटॉप पडला वीस हजार पाचशेला. वडील तो हिशोब रुपयांत सांगत नाहीत. “पाच क्विंटलचं मशीन आहे सर,” असं म्हणतात.

पाच क्विंटलमध्ये काय आलं? आठव्या पिढीचा आय-फाईव्ह प्रोसेसर, आठ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी, आणि दुकानदाराने ‘सगळं टाकून’ दिलेलं: विंडोज १० प्रो, ऑफिस, बांधकामाची ड्रॉइंग काढायचं ऑटोकॅड, फोटोशॉप. फोटोशॉप कशाला ते तिलाही माहीत नव्हतं. बिलावर फक्त ‘लॅपटॉप – १ नग’.

जुलै २०२५ च्या पहिल्या आठवड्यात ती पहिल्यांदा आली. “सर, ते लायसन्स संपणार संपणार म्हणूलालंय. आम्ही तर पैसे देऊन घेतलं होतं.” लॅबमध्ये तेव्हा नव्या बॅचची गडबड चालू होती. मी लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. मारलेलं विंडोज आहे, ते काढून उबुंटू टाक, विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स आहे, फुकट आहे, असं उभ्या उभ्या सांगून मोकळा झालो. ती “बरं सर” म्हणून गेली आणि महिनाभर फिरकली नाही. सिव्हिलच्या मुलीला ऑटोकॅड लागतं आणि ऑटोकॅड लिनक्सवर चालत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी विचारलंच नाही. या प्रकरणातली पहिली चूक माझी आहे.

मग तिने केलं ते कुणीही केलं असतं. पुण्यातल्या मावसभावाने लिंक पाठवली: विंडोज प्रोची ‘की’, म्हणजे विंडोज ॲक्टिवेट करायचा कोड, लाईफटाईम, ३९९ रुपये. पैसे भरले, दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर पंचवीस अक्षरांची की आली, टाकली, विंडोज ॲक्टिवेट झालं. एकोणिसाव्या दिवशी कोपऱ्यात पुन्हा ‘विंडोज ॲक्टिवेट करा’ अशी फिकट अक्षरं उमटली. की अडवली आहे, अशा अर्थाचा संदेश आला. विकणाऱ्याने आधी ‘फोनने ॲक्टिवेट करा’ सांगितलं, मग आणखी एक की दिली, तीही चालली नाही, मग उत्तर देणं बंद केलं.

ऑगस्टमध्ये ती परत आली तेव्हा सोबत वडील होते. गृहस्थ खुर्चीत बसेनात. “सर, लेकराला लागतंय म्हणून घेतलं. आता अजून कुणाला पैसे भरायचे ते एकदा सांगून टाका.”

या वेळी मी लॅपटॉप उघडला.

आधी हे बिघडलं कसं ते पाहू, कारण मारलेलं विंडोज नेमकं काय असतं ते इथे चांगलं दिसतं. जूनमध्ये तिच्या रूममेटने यूट्यूबवर बघून एक कमांड चालवली होती आणि उघडलेल्या चौकटीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला होता. चौकटीत लिहिलं होतं की व्हॉल्यूम ॲक्टिवेशन १७ जुलै २०२५ ला संपेल. ‘व्हॉल्यूम’ हा शब्द दिसला की समजायचं, हे घरगुती लायसन्स नाही. मोठ्या कंपन्या आणि विद्यापीठं शेकडो मशीनसाठी एकत्र करार करतात. त्यांच्याकडे केएमएस नावाचा स्वतःचा एक सर्व्हर असतो आणि त्यांची मशीन त्या सर्व्हरला भेटून ॲक्टिवेट होतात. अशी एक भेट १८० दिवस पुरते. मशीन मधूनमधून पुन्हा भेटत राहतं आणि दर भेटीला १८० दिवस नव्याने सुरू होतात. दुकानात टाकतात तो ‘ॲक्टिवेटर’ म्हणजे त्या सर्व्हरचं सोंग. लॅपटॉपच्याच आत बसतो आणि मीच तुमच्या कंपनीचा सर्व्हर म्हणून सांगत राहतो.

१७ जुलैमधून १८० दिवस वजा केले की १८ जानेवारी येते. मी विचारलं, जानेवारीत काय झालं होतं? तिला आठवेना. रूममेटला फोन लावला तर तिला लगेच आठवलं: झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राईव्ह लावला होता आणि सगळ्या फायलींचे शॉर्टकट झाले होते. तेव्हा रूममेटने विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, तपासला. त्यात ‘हे फोल्डर तपासू नका’ अशी यादी होती. तिने ती यादी साफ करून पूर्ण स्कॅन लावला. शॉर्टकट व्हायरस गेला आणि त्याबरोबर ॲक्टिवेटरही गेला. डिफेंडर त्याला ओळखतो, हॅकटूल म्हणून पकडतो. सोंग घेणारा गेला, भेटी थांबल्या, आणि सहा महिन्यांनी मुदत भरली.

ती यादी दुकानदाराने घातली होती हे लक्षात घ्या. ॲक्टिवेटर टिकावा म्हणून घराच्या मागच्या दाराची कडी काढून ठेवली होती आणि ते कुणाला सांगितलंही नव्हतं. मुलं म्हणतात, “मारलेलं चालतंय की सर, काय फरक पडतो?” माझं उत्तर कायद्यापेक्षा या कडीपासून सुरू होतं. याच लॅपटॉपवरून तिचे वडील पीक विम्याचा फॉर्म भरतात, तिच्या शिष्यवृत्तीचं लॉगिन याच्यावर आहे.

कायद्याचंही एकदा सांगून ठेवतो. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३-ब प्रमाणे कॉम्प्युटर प्रोग्रॅमची बेकायदा प्रत ‘जाणूनबुजून’ वापरणं हा गुन्हा आहे. शिक्षा किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. वापर कमाईसाठी किंवा धंद्यात नसेल तर न्यायालय कारण नोंदवून कैद माफ करू शकतं आणि दंड पन्नास हजारांपर्यंत ठेवू शकतं. खोलीत बसून ड्रॉइंग काढणाऱ्या मुलीच्या दारात पोलीस येतील अशी भीती मी घालत नाही. पण ‘जाणूनबुजून’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. नोव्हेंबरमध्ये तिला माहीत नव्हतं. आता माहीत झालं होतं.

आता ३९९ रुपयांची की. की म्हणजे लायसन्स नव्हे, हे समजावताना मी एसटीच्या पासचं उदाहरण देतो. पासवर नंबर असतो, पण तो नंबर दुसऱ्या कागदावर लिहून घेतला म्हणून कंडक्टर बसू देत नाही. बाजारात तीन-चारशेला फिरणाऱ्या किया बहुतेक वेळा कुठल्या तरी संस्थेच्या सामूहिक करारातल्या, भंगारात गेलेल्या मशीनच्या, नाहीतर डेव्हलपर लोकांना चाचणीसाठी दिलेल्या असतात. एकच की पन्नास जणांना विकली जाते. पहिल्या काही जणांचं ॲक्टिवेशन होतं, नंतर मायक्रोसॉफ्टच्या लक्षात येतं आणि की बंद होते. एखाद्याची दोन-तीन वर्षं चालतेही, आणि तोच माणूस चारचौघांना लिंक पाठवतो. मावसभावाची स्वतःची की अजून चालू आहे. त्याने फसवलं नाही, त्याला तसंच वाटलं.

वडिलांचा प्रश्न मात्र तसाच होता: मग खरं लायसन्स कितीला? दुकानातून किंवा कंपनीकडून सरळ घ्यायचं म्हटलं तर विंडोज ११ होमची अमेरिकेतली किंमत १३९ डॉलर, प्रोची १९९. रुपयांत दहा हजारांच्या वर. पाच क्विंटलच्या मशीनवर अडीच-तीन क्विंटलचं विंडोज. ते ऐकून ते काही बोलले नाहीत. खुर्चीत मात्र बसले.

“विद्यार्थ्यांना सवलत असते म्हणतात की सर?” मुलीने विचारलं. असते, पण लोक समजतात तिथे नसते. २००९ मध्ये विंडोज ७ आलं तेव्हा अमेरिकेत कॉलेजच्या मुलांना ते अपग्रेड म्हणून ३० डॉलरला मिळालं होतं. त्याच्या आदल्या वर्षी मायक्रोसॉफ्टने ड्रीमस्पार्क सुरू केलं होतं. प्रोग्रॅमिंगची सॉफ्टवेअर मुलांना फुकट मिळायची. नाव बदलत बदलत ते आता ‘अझ्युर डेव्ह टूल्स फॉर टीचिंग’ झालंय. पण अशा योजना संस्थेमार्फत चालतात, म्हणजे तुमच्या संस्थेने करार केला असेल तर, आणि त्या करारात विद्यार्थ्याचं स्वतःचं मशीन धरलेलं असेल तर. मी ऑफिसात जाऊन आमच्या कराराचे कागद पाहिले. आमचा करार लॅबच्या मशीनपुरता आहे. हे मला आधी ठाऊक असायला हवं होतं, पण नोकरीच्या इतक्या वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं.

इथे मुलांचा आणखी एक घोटाळा होतो. ‘अझ्युर फॉर स्टुडंट्स’ला नाव नोंदवलं की क्रेडिट कार्डाशिवाय शंभर डॉलर जमा होतात. होस्टेलवर ही बातमी लगेच पसरते. ते शंभर डॉलर क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या दूरच्या मशीनवर खर्चायचे असतात. स्वतःच्या लॅपटॉपच्या विंडोजला त्यांचा उपयोग नाही. संस्थेच्या ई-मेलवर वर्ड-एक्सेलची ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती विद्यार्थ्यांना फुकट मिळते, संस्थेने तशी नोंदणी केलेली असली की झालं. ती आमच्याकडे आहे आणि ती आम्ही तिला त्याच दिवशी चालू करून दिली. दुकानदाराच्या ‘फ्री ऑफिस’ची गरज तिथेच संपली.

वडील उठायच्या बेतात होते. मी लॅपटॉप उलटा केला. सहज म्हणून नाही, जुलैतच करायचं होतं ते आता करत होतो. खाली डाव्या कोपऱ्यात चिकटपट्टीचा चौकोनी डाग होता. तिथे कधीतरी विंडोजचा स्टिकर होता आणि कुणीतरी तो नखाने खरवडून काढला होता. म्हणजे हे मशीन कंपनीतून निघालं तेव्हा विंडोजसकट निघालं होतं.

२०१२ मध्ये विंडोज ८ आल्यापासून ब्रँडेड लॅपटॉपच्या खाली पंचवीस अक्षरं छापणं बंद झालं. की मदरबोर्डवरच्या बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या, चिपमध्येच लिहिलेली असते. हार्ड डिस्क बदला, फॉरमॅट मारा, दहा वेळा विंडोज मारा, ती तिथेच राहते. विंडोज नव्याने टाकताना ती आपोआप वाचली जाते आणि इंटरनेट मिळालं की लायसन्स लागू होतं. कंपनीने दिलेलं हे लायसन्स त्या मशीनला बांधलेलं असतं. त्या मशीनवरून काढून दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही, आणि म्हणूनच मशीन विकलं की तेही मशीनसोबत जातं.

पॉवरशेल, म्हणजे विंडोजमधली कमांड टाकायची खिडकी, उघडून मी एक ओळ टाकली. बायोसमधली मूळ की कोणती, एवढंच ती विचारते. क्षणभर काही नाही, मग पंचवीस अक्षरं समोर. दुसऱ्या एका ओळीने ती कुठल्या आवृत्तीची हे कळलं: विंडोज १० होम सिंगल लँग्वेज.

मग इतके दिवस हे लायसन्स लागलं का नाही? कारण दुकानात तीस लॅपटॉप एकदम आले की प्रत्येकावर वेगळं विंडोज टाकत बसत नाहीत. एक डिस्क तयार करतात, प्रो, ॲक्टिवेटर, ऑटोकॅड सगळं घालून, आणि तिची नक्कल बाकीच्यांवर मारतात. नकलेत प्रो, चिपमध्ये होम. होमच्या कीने प्रो उघडत नाही. मुलीचं कुलूप तिच्याकडच्या किल्लीपेक्षा भारी होतं, म्हणून किल्ली असून बाहेर. प्रो भारी म्हणून गिऱ्हाईक खूश, आणि दुकानदाराला हे कळत नव्हतं असंही मला वाटत नाही. त्याने कधी विचारच केला नसावा.

वडिलांना एवढंच सांगितलं, “काका, ह्याच्यात लायसन्स आहे. वीस हजार पाचशेत ते पण आलंय.”

“मग ते आजवर कुठं होतं?”

होममध्ये प्रोपेक्षा काय कमी आहे? कंपनीच्या डोमेनला जोडता येत नाही, दुसरीकडून त्यात रिमोट डेस्कटॉपने शिरता येत नाही, डिस्क कुलूपबंद करण्याची पूर्ण सोय नाही. डिप्लोमाच्या मुलीला यातलं काही लागत नाही. ‘सिंगल लँग्वेज’चं ऐकून ती दचकली, मराठी टाईप करता येणार नाही का म्हणून. येतं. बंधन फक्त मेनूच्या भाषेवर आहे, ती एकच ठेवता येते. कीबोर्ड हवे तेवढे जोडा. बोलीप्रमाणे टाईप होणारा मराठी फोनेटिक कीबोर्ड २०१९ च्या मे अपडेटपासून विंडोज १० मध्येच आहे.

प्रोवरून होमला सरळ उतरता येत नाही, सगळं पुसून नव्याने टाकावं लागतं. आणि पुसायचंच आहे तर १० कशाला? विंडोज १० चा आधार, म्हणजे कंपनीची नियमित अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि आठव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ ला चालणाऱ्यांच्या यादीत बसतो. १० ची की त्याच आवृत्तीच्या ११ ला चालते. दुपारी कामाला लागलो. तिच्या ड्रॉइंगच्या फायली, फोटो आणि वडिलांचे सातबारे माझ्या हार्ड डिस्कवर काढले. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन आठ जीबीच्या पेनड्राईव्हवर विंडोज ११ उतरवलं. विंडोज ११ ला लागणाऱ्या सुरक्षेच्या दोन गोष्टी दुकानाने बायोसमध्ये बंद करून ठेवल्या होत्या, टीपीएम आणि सिक्युअर बूट. जुन्या पद्धतीच्या नकलेसाठी मशीन लेगसी मोडवर, म्हणजे सुरू होण्याच्या जुन्या पद्धतीवर, ठेवलं होतं. ते युईएफआय या नव्या पद्धतीवर आणलं. यात अर्धा तास गेला, कारण त्या बायोसमध्ये टीपीएमला टीपीएम म्हणतच नाहीत, वेगळ्याच नावाखाली लपवलंय.

इन्स्टॉल सुरू झालं आणि मी वडिलांना जवळ बोलावलं. नेहमी एक पान येतं, ‘तुमची प्रॉडक्ट की टाका’. ते आलंच नाही. कुठली आवृत्ती हवी तेही विचारलं नाही. सरळ पुढे गेलं. काही न विचारणं म्हणजेच काम झालं, हे त्यांना समजावताना माझी पंचाईत झाली. वाय-फायचा ड्रायव्हर नव्हता, म्हणून तिचा मोबाईल केबलने जोडून नेट दिलं. होम आवृत्ती मायक्रोसॉफ्टचं खातं मागते, ते तिच्याच नावाने उघडलं, मावसभावाच्या नाही. सेटिंगमध्ये ॲक्टिवेशनच्या पानावर गेलो: डिजिटल लायसन्सने ॲक्टिवेट झालं आहे. वडिलांनी मोबाईल काढून त्या पानाचा फोटो घेतला.

ऑटोकॅडही दुकानाचंच होतं, तेही गेलं. ते बनवणारी कंपनी ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ते वर्षभरासाठी फुकट देते, शिकत असेपर्यंत दरवर्षी नूतनीकरण होतं. फक्त विद्यार्थी असल्याचा पुरावा लागतो: नाव, संस्था आणि चालू वर्ष दिसलं पाहिजे. आमच्या आयकार्डवर वर्ष नाही. ऑफिसातून बोनाफाईड काढलं, त्याचा फोटो चढवला, दोन दिवसांत मान्य झालं. एकूण खर्च म्हणजे पेनड्राईव्हचे साडेतीनशे आणि वाया गेलेले ३९९.

रूममेटचं थोडक्यात. ती स्पर्धा परीक्षेची तयारी करते, लॅपटॉप २०१५ चा, चार जीबी रॅम. त्याच्याही चिपमध्ये की निघाली, पण विंडोज ८.१ ची. जुन्या ७-८ च्या कीवर १० चालू करण्याची मोफत अपग्रेडची वाट अधिकृतपणे २०१६ मध्येच बंद झाली होती, तरी ती पुढे सात वर्षं उघडी राहिली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये खरोखर बंद केली. तिला लागतं काय, तर ब्राउझर, पीडीएफ आणि मराठी टायपिंग. तिच्यावर लिनक्स मिंट टाकलं. जुलैत मी चुकीच्या मुलीला लिनक्स सांगितलं होतं, एवढाच फरक. त्यातलं फुकट ऑफिस, लिबरऑफिस, शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठी व्हिडिओ दिले. तक्रार एकच आली, प्रिंटर लागायला वेळ लागला.

सप्टेंबरात त्याच बिल्डिंगमधून आणखी पाच लॅपटॉप आले, सगळे ‘मारलेले’. चारांच्या चिपमध्ये विंडोज १० ची की निघाली, तिघांची होमची, एकाची प्रोची. पाचव्यावर स्टिकर अगदी चकचकीत आहे पण चिप रिकामी. कधीतरी मदरबोर्ड बदललाय, आणि बोर्डाबरोबर लायसन्सही गेलं. पोराला रेव्हिट हे इमारतीच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर लागतं, ते विंडोजशिवाय चालत नाही. बिलावर ‘लॅपटॉप – १ नग’ एवढंच आहे. सध्या त्यावर विंडोज की न टाकता चालू आहे, कोपऱ्यात ॲक्टिवेट करा अशी अक्षरं आहेत, सेटिंगमधून वॉलपेपर बदलता येत नाही. काम होतं, पण कंपनीच्या अटींत त्याला लायसन्स म्हणत नाहीत, हे मी त्याला सांगितलंय. दुकानदाराकडे दोनदा जाऊन आला. दुकानदार म्हणतो, “आण इकडं, मारून देतो.”